मोट्सार्टच्या सिंफनी व मुंबईचे चित्रपटसंगीत

व्होल्फगांग आमाडेउस मोट्सार्ट (२७ जानेवारी १७५६–५ डिसेंबर १७९१) या ऑस्ट्रियन संगीतरचनाकाराच्या सिंफनींचा, विशेषतः जी मायनर या स्वरपट्टीतील ४० व्या सिंफनीचा, विसाव्या शतकातील मुंबईच्या चित्रपटसंगीताशी आलेला संबंध हा भारतीय संगीताच्या इतिहासातील एक लहान, परंतु बोधक अध्याय आहे. सिंफनी म्हणजे वाद्यवृंदासाठी रचलेली, बहुधा चार खंडांची दीर्घ वाद्यरचना. तीत तंतुवाद्ये, सुषिर वाद्ये आणि आघातवाद्ये यांचे गट स्वतंत्र स्वरावली वाजवितात. या स्वरावली परस्परांत गुंफल्या जाऊन अनेक स्वरांचा एकत्रित नाद, म्हणजे स्वरसंहती, निर्माण होते. एकाच स्वरावलीच्या विस्तारावर उभ्या असलेल्या भारतीय रागसंगीताला ही कल्पना मुळात परकी. ती मुंबईत आली, रुजली आणि तिने सामान्य श्रोत्यांच्या कानांवर संस्कार केला. मात्र हे कार्य सभागृहातील जलशांपेक्षा ध्वनिमुद्रणगृहात अधिक झाले, आणि ते करणाऱ्या बहुसंख्य वादकांची नावे तबकड्यांवर कधी छापली गेली नाहीत.

मोट्सार्टने आपली पहिली सिंफनी १७६४ मध्ये लंडन येथे, वयाच्या अवघ्या आठव्या वर्षी रचली. रूढ क्रमांकन ४१ पर्यंत जाते. तथापि त्यात समाविष्ट नसलेल्या रचना धरल्यास ही संख्या पन्नासाच्या आसपास भरते. प्रारंभीच्या सिंफनींवर योहान ख्रिस्तिआन बाख याच्या इटालियन वळणाच्या शैलीचा आणि पुढे योझेफ हायड्नचा प्रभाव दिसतो. १७७३ मधील २५ वी सिंफनी, १७७८ मधील ‘पॅरिस’ या नावाने ओळखली जाणारी ३१ वी आणि जानेवारी १७८७ मध्ये प्राग येथे प्रथम सादर झालेली ३८ वी या त्याच्या वाटचालीतील महत्त्वाच्या खुणा होत. १७८८ च्या उन्हाळ्यात, पैशांची ओढाताण चालू असताना, त्याने सुमारे सहा आठवड्यांत शेवटच्या तीन सिंफनी पूर्ण केल्या. त्याने स्वतः ठेवलेल्या नोंदवहीनुसार ३९ वी २६ जून, ४० वी २५ जुलै आणि ४१ वी १० ऑगस्ट या दिवशी पुरी झाली. ४० व्या सिंफनीचा त्याने पुढे दुसरा पाठ तयार केला आणि त्यात क्लॅरिनेट या वाद्याची भर घातली. प्रत्यक्ष सादरीकरणाची गरज असल्याखेरीज असा खटाटोप कोणी करीत नाही. म्हणून ही रचना त्याच्या हयातीत वाजविली गेलीच नसावी, हा एकेकाळचा भावुक समज टिकत नाही. तिचे मूळ हस्तलिखित पुढे योहानेस ब्राम्स याच्या संग्रहात होते व त्याच्याकडून ते व्हिएन्नामधील संगीतसंस्थेकडे आले.

या सिंफनीत तुतारी वा नगारा नाही. एक बासरी, ओबो, बसून आणि हॉर्न यांच्या जोड्या व तंतुवाद्ये एवढाच मूळ संच. पहिल्या खंडाचा आरंभ विलक्षण आहे. मुख्य धून सुरू होण्यापूर्वीच व्होला ही मधल्या पट्टीतील तंतुवाद्ये अस्वस्थ लयीत साथ सुरू करतात. जणू गाणे आधीपासून कोठेतरी चालूच होते आणि श्रोता त्याच्या मध्यावर येऊन पोहोचला. मग व्हायोलिनांवर मुख्य धून येते. जी या स्वराला षड्ज मानल्यास तिचे स्वरूप भारतीय वाचकाला असे सांगता येईल : कोमल धैवतावरून पंचमावर येऊन त्याच पंचमाचा पुन्हा उच्चार, हीच तीन स्वरांची आकृती तीनदा, तिसऱ्या वेळी पंचमावरून एकदम तारसप्तकातील कोमल गंधारावर झेप, आणि तेथून ऋषभ, षड्ज, कोमल निषाद, कोमल धैवत, पंचम अशा पायऱ्यांनी मध्यमापर्यंत उतार. दोन लघू व एक गुरू अशा मात्रांची ती तीन स्वरांची आकृती उसाशासारखी वाटते. लगेच हीच चाल एक पायरी खालून पुन्हा येते, आणि या वेळी उतारात शुद्ध निषाद लागतो. पहिल्या ओळीने आसावरी थाटाची आठवण झालेल्या कानाला दुसऱ्या ओळीत किरवाणीची चाहूल लागते. रागाच्या चलनात असा बदल विनाकारण होत नाही. येथे त्याचे कारण खालच्या स्वरसंहतीत आहे, कारण तेथे षड्जाकडे परत ओढ लावणारा स्वरगुच्छ उभा असतो आणि शुद्ध निषाद हा त्याचा घटक असतो. भारतीय श्रोत्याला जे स्वरावलीचे वैचित्र्य वाटते ते वस्तुतः तळाच्या स्वरांनी वरच्या स्वराला दिलेले वळण आहे. हा भेद समजला की पुढील इतिहासातील बरीच गुंतागुंत उलगडते.

यापुढे मोट्सार्ट त्या तीन स्वरांच्या आकृतीचे जे करतो, त्यातच सिंफनीचे मर्म आहे. पहिल्या खंडाच्या मध्यभागात ती आकृती मूळ स्वरपट्टी सोडून फार दूरच्या पट्टीत जाते, वाद्यगटांत वाटली जाते, तुटते, उलट्यासुलट्या जागी डोकावते आणि मग मूळ पट्टीत परतते. अखेरच्या खंडात एका ठिकाणी सप्तकातील बारा स्वरांपैकी षड्ज सोडून बाकीचे सर्व स्वर लागोपाठ येऊन जातात व काही क्षण श्रोत्याला आधारस्वरच सापडत नाही. तंबोऱ्याच्या अखंड षड्जावर वाढलेल्या कानांना याहून परके काही असणे कठीण. बेथोव्हनने या खंडातील २९ मात्राविभाग आपल्या वहीत उतरवून घेतले होते आणि त्याच्या पाचव्या सिंफनीच्या तिसऱ्या खंडाच्या आरंभी त्याच स्वरांतरांची चढण आढळते. शूबर्टच्या १८१६ मधील पाचव्या सिंफनीवरही या रचनेची छाया आहे. यूरोपातील हा प्रभाव सर्वश्रुत आहे. विसाव्या शतकात मात्र पहिल्या खंडाची धून तेवढी सुटी होऊन लोकप्रिय संगीतात फिरू लागली. अर्जेंटिनाचा संगीतकार वाल्दो दे लोस रीओस याने १९७१ मध्ये ढोलताशांच्या आधुनिक ठेक्यावर तिची तबकडी काढली व ती यूरोपात खपली. पुढे भ्रमणध्वनीच्या घंटांतही ती वाजू लागली. मुंबईने ती त्याआधी दहा वर्षे उचलली होती.

मुंबईतील सिंफनी : इंग्रजी अंमलात मुंबईस यूरोपीय संगीताचा परिचय लष्करी बँड, चर्च आणि क्लब यांतून झाला. पूर्ण वाद्यवृंदाची सिंफनी ऐकविणारी संस्था मात्र उशिरा उभी राहिली. व्हायोलिनवादक मेहली मेहता (१९०८–२००२) यांनी १९३५ मध्ये ‘बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ची स्थापना केली. तिच्या वादकांत पारशी व गोमंतकीय ख्रिस्ती यांचा मोठा भरणा होता. कावसजी जहांगीर सभागृह हे अशा जलशांचे नेहमीचे ठिकाण. १९९६ पासून त्याच वास्तूत राष्ट्रीय आधुनिक कला दालन आहे. मेहली मेहता यांचे पुत्र झुबिन मेहता (जन्म २९ एप्रिल १९३६) याच वातावरणात वाढले, १९५४ मध्ये शिक्षणासाठी व्हिएन्नास गेले आणि जगद्विख्यात वाद्यवृंदसंचालक झाले. १९३४ मध्ये मुंबईत आलेले वॉल्टर कौफमान (१९०७–८४) यांनी ‘बाँबे चेंबर म्यूझिक सोसायटी’ स्थापून नियमित जलसे सुरू केले. मध्य यूरोपात वाढलेल्या या ज्यू संगीतकाराला नाझी राजवटीच्या उदयानंतर मायदेशी भवितव्य उरले नव्हते. १९३७ ते १९४६ या काळात ते मुंबई आकाशवाणीवर यूरोपीय संगीताचे प्रमुख होते. आकाशवाणीची सुपरिचित संकेतधून सामान्यतः त्यांच्या नावे सांगितली जाते. शिवरंजनी रागाच्या जवळची ती स्वरावली व्हायोलिनवर आणि तिच्याखाली तंबोरा, ही जुळणी दोन परंपरा एका दारात भेटल्याचे नेमके चिन्ह होय. कौफमान यांनी पुढे अमेरिकेत उत्तर हिंदुस्थानी रागांवर विस्तृत ग्रंथ लिहिला.

या जलशांचा श्रोतृवर्ग लहान होता : यूरोपीय, पारशी, गोमंतकीय आणि काही इंग्रजी शिकलेली हिंदू कुटुंबे. मराठी मध्यमवर्ग त्या काळी नाट्यसंगीत व रागदारी यांत रमलेला होता आणि गिरगावातून त्या सभागृहापर्यंतचे अंतर मैलांत मोजण्याजोगे नव्हते. अपवाद होते. केशवराव भोळे यांना पाश्चात्य संगीताचा डोळस परिचय होता. ‘नाट्यमन्वंतर’च्या आंधळ्यांची शाळा (१९३३) या नाटकाच्या संगीतात आणि पुढे ‘प्रभात’च्या चित्रपटांत त्यांनी वाद्यांचा उपयोग केवळ गायनाच्या साथीसाठी न करता प्रसंगाच्या परिणामासाठी केला. कुंकू (१९३७) या चित्रपटात तर त्यांनी पार्श्वसंगीत जवळजवळ वर्ज्य करून प्रसंगातील नैसर्गिक ध्वनींवर भर दिला. वाद्यवृंदाचे सामर्थ्य जाणणाराच तो कोठे थांबवावा हे जाणतो.

स्वातंत्र्यानंतर यूरोपीय श्रोते गेले आणि सिंफनीच्या जलशांचा आधार क्षीण झाला. मेहली मेहता १९५५ मध्ये इंग्लंडला व तेथून पुढे अमेरिकेला गेले. वाद्यवृंद वाजवू शकणारे वादक मात्र शहरातच राहिले. त्यांना पोट होते, आणि काम देणारी नवी जागा ताडदेव, दादर व अंधेरीच्या परिसरात उभी राहिली होती.

गोमंतकीय वादक आणि स्वरलेख : पोर्तुगीज अंमलात गोव्यातील चर्चशी संलग्न असलेल्या शाळांत सोळाव्या शतकापासून मुलांना पंचरेषांवरील स्वरलेखन, गायन आणि व्हायोलिनसारखे वाद्य शिकविले जाई. उद्देश अर्थात चर्चमधील उपासनेसाठी गायक-वादक तयार करण्याचा होता. गावातल्या ‘मेश्त्री’च्या हाताखाली शिकलेला मुलगा स्वरलेख वाचू लागे, आणि गोव्यात उपजीविकेची साधने अपुरी असल्याने मुंबई, पुणे, कराची, लाहोर, कलकत्ता येथील हॉटेले, लष्करी बँड, जहाजे व मूकपटगृहे यांत वादक म्हणून जाई. मुंबईत धोबीतलाव भागातील गावोगावच्या ‘कुडां’मध्ये तो उतरे. १९३१ मध्ये आलम आरा पासून बोलपट सुरू झाला आणि या वादकांना चित्रपटाचे दार उघडले.

येथे लेखनपद्धतीचा मुद्दा निर्णायक ठरतो. चित्रपटाचे संगीतदिग्दर्शक बहुधा पेटीवर चाल बांधीत. चाल कानाने शिकविणे एका गायकास शक्य असे. पण चाळीस-पन्नास वादकांना प्रत्येकी वेगवेगळी स्वरावली काही तासांत कानाने शिकविणे अशक्यच. तत्कालीन ध्वनिमुद्रणात गायक आणि सर्व वादक एकाच वेळी, अखंड गाणे सादर करीत. कोणाचीही चूक झाली की गाणे पहिल्यापासून. अशा वेळी ज्याच्यापुढे लिहिलेला कागद आहे आणि तो कागद पहिल्या नजरेत वाचता येतो असा वादकच उपयोगी. म्हणून चाल ऐकून ती पंचरेषांवर उतरविणारा, मधल्या वाद्यखंडांची रचना करणारा, प्रत्येक वाद्याचा कागद लिहून देणारा असा ‘अरेंजर’ किंवा संगीतसंयोजक हा नवा व्यवसाय जन्मास आला. सी. रामचंद्र यांच्याबरोबर चिक चॉकलेट या नावाने विख्यात असलेले आंतोनियो वाझ, शंकर–जयकिशन यांच्याबरोबर सेबॅस्तियन डिसूझा, तसेच फ्रँक फर्नांड आणि अँथनी गोन्सालविस ही त्यांतील ठळक नावे. तबकडीवर संगीतकार, गीतकार व गायक यांची नावे येत. संयोजकाचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत आलेच तर ‘साहाय्यक’ म्हणून येई.

हॉटेलात नृत्यसंगीत वाजविणारे हे वादक घरी वा मित्रमंडळीत हायड्न, मोट्सार्ट, बेथोव्हन यांच्या तंतुवाद्य-चौकड्या वाजवीत, आणि सवड मिळेल तेव्हा सिंफनी वाद्यवृंदातही बसत. त्यामुळे मोट्सार्टच्या लेखनातील काही सवयी आपोआप चित्रपटगीतांत आल्या : व्हायोलिनांचे दोन गट करून त्यांना संवाद करावयास लावणे, मधल्या पट्टीतील वाद्यांना लयीची अस्वस्थ हालचाल देणे, गायकाने ओळ संपवून श्वास घेताच ओबो वा क्लॅरिनेटने तिचा धागा उचलणे. सेबॅस्तियन डिसूझा यांनी गायकाच्या आवाजामागून व्हायोलिनांची स्वतंत्र, मुख्य चालीला छेद न देणारी प्रतिधून वाहती ठेवण्याची पद्धत शंकर–जयकिशन यांच्या गाण्यांतून इतकी रूढ केली, की पुढील पिढीतील श्रोत्याला तिच्याविना गाणे उघडे वाटू लागले. नौशाद यांनी आन (१९५२) साठी वापरलेला वाद्यवृंद शंभर वादकांचा म्हणून ओळखला जातो. मोट्सार्टला व्हिएन्नात एवढा संच क्वचितच लाभला असता.

तथापि सिंफनीचा प्राण जो विकास, तो या संगीतात येऊ शकला नाही आणि त्याची कारणे सौंदर्यदृष्टीपेक्षा व्यावहारिक आहेत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू सुमारे सव्वातीन मिनिटांची. त्यात मुखडा, दोन किंवा तीन अंतरे आणि त्यांमधील वाद्यखंड बसवावे लागत. मोट्सार्टच्या या सिंफनीचा पहिला खंडच सात-आठ मिनिटे चालतो. म्हणून वाद्यवृंदाच्या वाट्याला आठ-सोळा मात्राविभागांचे तुकडे आले. त्या तुकड्यांत मात्र संयोजकांनी आपले सारे शिक्षण ओतले. पुष्कळ गाण्यांत शब्द व चाल सामान्य असून मधला वाद्यखंडच लक्षात राहतो, याचे कारण हेच.

छाया (१९६१) : मोट्सार्टची धून उघडपणे हिंदी चित्रपटात आणली ती सलिल चौधरी यांनी. आसामच्या चहामळ्यांत डॉक्टर असलेल्या त्यांच्या वडिलांकडे पाश्चात्य संगीताच्या तबकड्यांचा संग्रह होता आणि बालवयात त्यांनी मोट्सार्ट, बेथोव्हन व शोपँ यांच्या रचना बंगाली व आसामी लोकगीतांच्या बरोबरीने ऐकल्या. गोमंतकीय वादकाला हे संगीत कागदावरून आले, सलिल चौधरींना ते तबकडीवरून. हा फरक महत्त्वाचा आहे. दो बिघा जमीन (१९५३) पासून ते मुंबईत काम करू लागले आणि १९५८ मध्ये त्यांनी ‘बाँबे यूथ क्वायर’ हे बहुस्वरी समूहगायनाचे पथक उभारले. हृषीकेश मुखर्जी दिग्दर्शित छाया या चित्रपटात राजेंद्र कृष्ण यांच्या शब्दांना चाल देताना त्यांनी ४० व्या सिंफनीची आरंभीची धून मुखड्यासाठी घेतली. गीत तलत महमूद व लता मंगेशकर यांच्या स्वरांत द्वंद्वगीत म्हणून आणि तलत यांच्या एकट्याच्या आवाजात दुःखी प्रसंगासाठी, असे दोनदा येते. आपल्यावर इतके प्रेम करू नकोस, आपण भटका ढग आहोत, असे नायक सांगतो.

या गाण्यावर चोरीचा आरोप वारंवार झाला आहे. तो फारसा टिकत नाही. घेतलेली धून जगातील सर्वांत परिचित धुनांपैकी असून ती लपविण्याचा कोणताही प्रयत्न झालेला नाही. जाणत्याने ती ओळखावी अशीच ती पहिल्या ओळीत ठेवली आहे. अधिक लक्ष देण्यासारखे आहे ते तिचे रूपांतर. वाद्याच्या द्रुत, तुटक आकृतीला येथे शब्दांची अक्षरे मिळतात आणि मोट्सार्टच्या उसाशाचे बोलणे होते. तलत महमूद यांच्या आवाजातील सूक्ष्म कंप व एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकण्याची पद्धत व्हायोलिनच्या धारदार आकृतीला मऊ करते. मोट्सार्टने जेथे ती आकृती मोडून दूरच्या पट्ट्यांत नेली, तेथे सलिल चौधरी मुखड्यावरून स्वतःच्या अंतऱ्याकडे वळतात आणि अंतरा संपल्यावर भारतीय गीताच्या शिस्तीप्रमाणे पुन्हा मुखड्यावर येतात. विकासाच्या जागी पुनरागमन आले. रूपबंध भारतीय राहिला. बदलला तो कान. मायनर पट्टीचे स्वर, त्यांखालील स्वरगुच्छांची वळणे आणि त्यांतून निर्माण होणारी ओढ ही लक्षावधी श्रोत्यांनी, सिंफनी हा शब्दही न ऐकता, आत्मसात केली.

अँथनी गोन्सालविस यांचा प्रयोग : सलिल चौधरी यांनी सिंफनीतून गीत काढले, अँथनी गोन्सालविस (१९२७–२०१२) यांना रागातून सिंफनीसदृश रचना काढावयाची होती. त्यांचा जन्म गोव्यातील सासष्टी तालुक्यातील माजोर्डे येथे झाला. वडील गावच्या चर्चचे संगीतप्रमुख; मुलगा लहानपणीच व्हायोलिनमध्ये तयार झाला. १९४३ मध्ये ते मुंबईत येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवू लागले आणि पुढे अनेक संगीतदिग्दर्शकांचे संयोजक झाले. त्यांच्याकडे व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांत तुतारीवादक रामप्रसाद शर्मा यांचा मुलगा प्यारेलाल हा होता.

इतर गोमंतकीय वादकांप्रमाणे हिंदुस्थानी संगीताकडे केवळ व्यवसायाची सामग्री म्हणून न पाहता गोन्सालविस यांनी रागांचा अभ्यास केला. १९५८ मध्ये त्यांनी चित्रपटसृष्टीतील वादकांचा मोठा वाद्यवृंद उभारून मुंबईच्या सेंट झेव्हियर महाविद्यालयाच्या प्रांगणात स्वतःच्या रचना सादर केल्या. लता मंगेशकर व मन्ना डे हे त्यात गायक होते. सारंग रागातील कंचेर्तो, तोडी थाटावरील व्हायोलिन व वाद्यवृंदाचा कंचेर्तो आणि ‘सोनातिना इंडियाना’ या त्यांच्या रचना. यांतील तोडीची निवड धाडसाची आहे. कोमल ऋषभ, अतिकोमलाकडे झुकणारा गंधार आणि तीव्र मध्यम यांचे एकत्र स्वरगुच्छ बांधावयास गेल्यास पाश्चात्य स्वरसंहतीचे नेहमीचे आधार हाती लागत नाहीत, आणि गंधाराचे आंदोलन पंचरेषांवर लिहून दहा-बारा व्हायोलिनांकडून एकसारखे काढून घेणे हे तर जवळजवळ अशक्यप्राय. काफी, पिलू वा भैरवी घेऊन त्यांना सोपी वाट धरता आली असती.

अशा संगीताला आश्रय देईल अशी संस्था त्या काळी मुंबईत नव्हती. सिंफनीच्या श्रोत्याला ते पुरेसे यूरोपीय वाटले नसते आणि रागदारीच्या श्रोत्याला त्यात स्वरगुच्छांचे प्रदूषण दिसले असते. चित्रपटाच्या निर्मात्याला तर त्याचे प्रयोजनच नव्हते. वादक दिवसा ध्वनिमुद्रणाला बांधलेले, म्हणजे तालमीही त्यांच्या फावल्या वेळातच होणार. १९६५ मध्ये गोन्सालविस अमेरिकेतील सिरॅक्यूस विद्यापीठात गेले. परतल्यावर ते चित्रपटसंगीताकडे वळले नाहीत. माजोर्ड्यात निवृत्त आयुष्य जगले. १९७७ मध्ये लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांच्या संगीताने सजलेल्या अमर अकबर अँथनी या चित्रपटातील एका विनोदी गीतात नायक आपले नाव अँथनी गोन्सालविस असे सांगतो. प्यारेलाल यांनी आपल्या गुरूला केलेले हे वंदन होते. गाणे देशभर गाजले आणि ते नाव गल्लोगल्ली पोरांच्या तोंडी झाले. त्या नावाचा माणूस हयात आहे, तो संगीतकार आहे, हे त्यांतील फार थोड्यांना ठाऊक होते. १८ जानेवारी २०१२ रोजी गोव्यात त्यांचे निधन झाले.

मतभेद : स्वरसंहतीचा रागसंगीतावरील परिणाम इष्ट की अनिष्ट, याविषयी विसाव्या शतकात बराच वाद झाला. हार्मोनियमच्या बांधील स्वरांनी श्रुतींची हानी होते, या भूमिकेतून आकाशवाणीने १९४० पासून सुमारे तीन दशके त्या वाद्याला बंदी घातली होती. ज्यांना पेटीही खपत नव्हती त्यांना चाळीस व्हायोलिनांचे स्वरगुच्छ कसे खपावेत? आक्षेपात तथ्य आहे. स्वरगुच्छ उभा राहिला की त्यातील प्रत्येक स्वराची जागा ठरते, आणि रागातील आंदोलित स्वराला फिरावयास अवकाश उरत नाही. तथापि चित्रपटगीत हे रागाचे शुद्ध सादरीकरण असल्याचा दावा मुळात कोणी केलेला नाही. उलट उत्तम संयोजक गायकाची मींड चालू असताना वाद्यवृंदाला लांब, स्थिर स्वरांवर थांबवीत आणि गायक थांबल्यावरच त्याला हालचाल देत. ही सावधगिरी कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हती, ती मुंबईतच घडली. मोट्सार्टच्या परंपरेत मुंबईने घातलेली खरी भर म्हणून हिचा उल्लेख करावा लागेल.

याच प्रश्नाला इतरांनी वेगळी उत्तरे दिली. लंडन व पॅरिस येथे शिकलेले वनराज भाटिया (१९२७–२०२१) यांनी भूमिका (१९७७) सारख्या चित्रपटांतून आणि भारत एक खोज (१९८८) या दूरदर्शन मालिकेतून स्वरसंहतीचा अधिक मोजका वापर केला. रविशंकर यांनी सतारीसाठी कंचेर्तो रचले व २०१० मध्ये त्यांची सिंफनी लंडन येथे सादर झाली. सलिल चौधरी यांच्या वाद्यवृंदात उमेदवारी केलेले इळयराजा यांची ‘व्हॅलियंट’ ही सिंफनी ८ मार्च २०२५ रोजी लंडन येथे वाजविली गेली; चित्रपटात ज्या विकासाला जागा नव्हती तो साधण्यासाठी त्यांना चित्रपटाबाहेर जावे लागले, हे लक्षणीय आहे.

उत्तरकाळ : १९८० नंतर अनेकपदरी ध्वनिमुद्रण आणि इलेक्ट्रॉनिक वाद्ये आली. वादकांनी एकत्र बसण्याची गरज संपली, कळफलकावर व्हायोलिनांचा नाद काढता येऊ लागला आणि १९९० च्या दशकात मोठे तंतुवाद्यसंच मोडले. पन्नास वर्षे टिकलेली एक शाळा त्याबरोबर बंद झाली. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या मुंबईच्या राष्ट्रीय संगीत-नाट्य केंद्राने २००६ मध्ये ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ हा व्यावसायिक वाद्यवृंद सुरू केला. आरंभापासून त्यात परदेशी वादकांचा मोठा भरणा राहिला. ज्या शहरातील ध्वनिमुद्रणगृहांत एकेकाळी रोज सकाळी पन्नास-साठ जण स्वरलेख वाचीत बसत, त्या शहराला व्हायोलिनवादक बाहेरून आणावे लागले.

संयोजकांच्या कार्याची नोंद घेण्यास सुरुवात अलीकडे झाली. ग्रेगरी बूथ यांनी वादकांच्या मुलाखती घेऊन लिहिलेला ग्रंथ २००८ मध्ये प्रसिद्ध झाला, तोवर हयात असलेले वादक वृद्ध झाले होते. मोट्सार्टच्या ४० व्या सिंफनीचे हस्तलिखित व्हिएन्नात जपलेले असून तिच्या दोन पाठांतील क्लॅरिनेटचा प्रत्येक स्वर अभ्यासकांना पडताळता येतो. मुंबईच्या ध्वनिमुद्रणगृहांतील कागदांचे तसे झाले नाही. गाणे ध्वनिमुद्रित झाले की वाद्यांचे कागद निरुपयोगी ठरत. काही संयोजक घरी नेत, बाकीचे स्टुडिओच्या जमिनीवर राहत आणि दुसऱ्या दिवशीच्या ध्वनिमुद्रणापूर्वी झाडून टाकले जात.